मन्मथअप्पांचे चौसष्ट खेळ

लातुरात आमच्या भागात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. त्या सकाळी माणसानं माणसाशी बोलू नये, असा आमच्या गल्लीचा अलिखित कायदा आहे. जो तो आपल्या पाइपाशी आणि टाकीशी एकनिष्ठ असतो. अशाच एका सकाळी मी कमरेला पंचा, एका हातात पाइप, दुसऱ्या हातात टाकीचं झाकण अशा अवतारात उभा असताना शेजारचे मन्मथअप्पा फाटकाशी येऊन उभे राहिले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, कपाळावर भस्माचे पट्टे.

"सर, एक इचारायचं होतं. एकानं एकाला बडवणं आन् एकानं धा जणांना बडवणं, ह्याला इंग्रजीत एकच शब्द चालंल का?"

मला वाटलं, गल्लीत मारामारी झालीय आणि अर्ज लिहून हवाय.

"कुणाला बडवलं?"

"कुणाला न्हाई. खेळात. जर्मन लोक दोन्हीला प्र्यूगलश्पीलच म्हणतेत. इंग्रज तसं म्हणत न्हाईत. त्यांची दोन घरं हायत."

हे ऐकताना माझ्या हातातला पाइप टाकीतून निसटला आणि दहा दिवसांनी आलेलं पाणी थेट रस्त्याला लागलं. बायको आतून ओरडली. अप्पा जागचे हलले नाहीत. वाहत्या पाण्यात चपला भिजवत, शांतपणे म्हणाले, "घाई न्हाई सर. इचार करून सांगा."

हे मन्मथअप्पा. वय पंचावन्नच्या पुढं. यांचं घराणं उदगीरकडच्या लिंगायत व्यापाऱ्यांचं, लातुरात यांची धान्याची आडत. थोरले भाऊ बस्वराजअण्णा ती सांभाळतात. अप्पांनी मात्र तरुणपणी पुण्यात जाऊन डिप्लोमा केला, आणि तिथं कुणी तरी सांगितलं म्हणून जर्मन शिकले. पुढं वीस-बावीस वर्षं एका कारखान्यात जर्मन यंत्रांची माहितीपत्रकं इंग्रजीत करत बसले. कारखान्यानं तो विभागच बंद केला, तेव्हा, पाच वर्षांपूर्वी, हे लातूरला परत आले. लग्न केलेलं नाही. म्हणजे केलं नाही की जमलं नाही, हे विचारण्याइतकी जवळीक मी कधी होऊ दिली नाही.

रोज सकाळी नऊला ते आवरून, बूट घालून, "ऑफिसला निघालो सर," असं मला सांगतात आणि स्वतःच्याच घराचा बाहेरचा जिना चढून वरच्या खोलीत जातात. दुपारी एकला जेवायला उतरतात. सहाला परत. माझी बायको म्हणते, एखाद्या दिवशी हे जिन्यात बदलीचा अर्जही करतील.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "चूक न्हाई, पण बरोबरबी न्हाई." हे वाक्य ते कुठंही काढतात. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, माझ्या बायकोचा उपमा. ती उपम्याची डिश तिनं पुन्हा शेजारी पाठवली नाही.

आता खेळांचं सांगतो. जर्मनीतल्या कुठल्याशा एजन्सीकडून अप्पांना कामं येतात. या वेळी आलेलं काम होतं चौसष्ट शब्दांचं. कॉम्प्युटरवर खेळायच्या खेळांचे प्रकार. जर्मन नावं ते देणार, यांनी त्यांना इंग्रजी नावं शोधायची, झालं. मी इंग्रजीचा प्राध्यापक आहे. बारावीला सव्वीस वर्षं शिकवतोय. लातुरात इंग्रजी ही भाषा नसून तिचे शंभर मार्क असतात, हे मला मान्य आहे. तरीही चौसष्ट शब्द म्हणजे एका दुपारचं काम, एवढं मला कळतं. अप्पांना तीन महिने लागले. आणि या माणसानं जन्मात एकही खेळ खेळलेला नव्हता. मोबाइलवरचा सापसुद्धा नाही.

मी एकदा खवचटपणे विचारलं, "अहो, हे आता मशीन करतं ना?"

"मशीननंच केलं होतं सर. म्हणून तर माझ्याकडं आलंय. त्यांच्यात एक आउफबाउश्पील म्हणून हाय, गावं वसवायचा खेळ. रस्ते काढायचे, हिरी खांदायच्या, माणसं आणून ठिवायची. मशीननं त्याला ठोकळ्यांचं खेळणं म्हटलं. चूक न्हाई, पण..."

"बरोबरबी नाही," मी म्हणालो आणि दार लावून घेतलं.

दार लावून सुटका होत नसे. एका रविवारी ते कागदाची चिठ्ठी घेऊन आले. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'जंप-अँड-रन'.

"ह्याला इंग्रजीत काय म्हणावं?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. "अप्पा, हे इंग्रजीच आहे."

"न्हाई सर, हे जर्मन हाय."

"जंप म्हणजे उडी. रन म्हणजे धावणे. पाचवीतलं पोरगं सांगेल."

"तसं न्हाई. हा शब्द जर्मन लोकांनी इंग्रजीचं कापड घिऊन आपल्या घरी शिवलाय. इंग्रजाला दाखिवला तर तो म्हणतो, हे काय बाबा? त्यो त्याला प्लॅटफॉर्मर म्हणतो."

"रेल्वे स्टेशनचा काय संबंध?"

अप्पांनी माझ्याकडं जी नजर टाकली, ती मी वर्गातल्या शेवटच्या बाकाकडं टाकतो. इंग्रजीचा इंग्रजीत अनुवाद करणारा माणूस मला शिकवणार! मी त्या दिवशी सगळ्या स्टाफरूमला हा किस्सा सांगितला. सगळे पोट धरून हसले. घरी आल्यावर मी गुपचूप इंटरनेटवर पाहिलं. अप्पांचं बरोबर होतं. ते मी स्टाफरूमला सांगितलं नाही.

सूड म्हणून पुढच्या शब्दाला मी आपण होऊन उत्तर दिलं. शब्द होता एगोशूटर. मी झरकन लिहून दिलं, अहंकारी नेमबाज, आणि त्याखाली त्याचं झोकदार इंग्रजी. अप्पांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब नेली.

"चूक न्हाई, पण..." ते थांबले. मग फार हळू आवाजात म्हणाले, "न्हाई सर. ही मातर चूकच हाय."

तो शब्द म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं तसं खेळायचा गोळीबार. त्यात अहंकाराचा काही संबंध नाही. संबंध माझा निघाला.

पण खरी बहार आणली ती विमेलबिल्डनं. हा चित्रातली वस्तू शोधायच्या खेळाचा जर्मन शब्द. अप्पा त्याचा उच्चार करत, 'विमल'. माझ्या बायकोचं नाव विमल. आता हा गृहस्थ रोज सकाळी फाटकाशी उभा राहून मोठ्यानं म्हणतो, "सर, विमलनं आठ दिस झोप उडवलीय माझी," किंवा, "विमल कायी केल्या हाताला लागंना." समोरच्या गॅलरीतल्या बायका वाळत घातलेले कपडे पुन्हा पुन्हा वाळत घालू लागल्या. शेवटी बायकोनंच बाहेर येऊन विचारलं, "कोण विमल?"

अप्पा तिला वहिनी म्हणतात, नाव त्यांना ठाऊकच नव्हतं. "एक चित्र हाय वहिनी. लई गर्दीचं," ते म्हणाले. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझ्याशी का, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

हा शब्द समजावून सांगायला अप्पा मला बळेच गंजगोलाईत घेऊन गेले. गोल बाजार, त्याला सोळा रस्ते फुटलेले, आणि प्रत्येक रस्त्यातून माणसं आत ओतली जातायत. एका ओळखीच्या कापडवाल्याच्या माडीवर त्यांनी मला उभं केलं. खाली बांगडीवाले, भांडीवाले, हातगाडे, मोटरसायकली, मधूनच एक गाय.

"हे विमल," अप्पा हात फिरवून म्हणाले. "आता ह्यात एक निळ्या टोपीचा माणूस हाय. हुडका."

"मला काय उद्योग नाहीत?"

"हुडका तर."

पाऊण तास गेला. कापडवाल्यानं दोनदा चहा पाजला. निळ्या टोपीचा माणूस मला लसणाच्या गाड्यामागं सापडला तेव्हा मी मोठ्यानं ओरडलो आणि खालच्या दहा-वीस लोकांनी वर पाहिलं. अप्पांनी वहीत काही तरी टिपून घेतलं. मी त्यांना म्हणालो, "अत्यंत पोरकट प्रकार आहे." ते म्हणाले, "व्हय. पण तुम्ही उठला न्हाईत."

बस्वराजअण्णांचा धाकट्या भावावर राग होता. मारामारीच्या त्या शब्दापायी अप्पांनी आडतीवरच्या दोन हमालांना भर लिलावात कुस्ती धरायला लावली, मग त्यातल्या एकावर बाकीच्यांना सोडलं. फरक नीट दिसावा म्हणून. एक पोतं फुटलं. अण्णा त्या दिवशी माझ्याकडं येऊन म्हणाले, "सर, तुम्ही शिकल्यालं माणूस. त्याला कायतरी सांगा की. कामून असं उगं खामखा करून राहिलाय?" मी म्हणालो, सांगतो. आणि मी जे केलं ते आता सांगायचं आहे.

माझे एक मित्र, लोहेकर, नांदेडला एका कॉलेजात इंग्रजीचे विभागप्रमुख आहेत. त्यांच्याकडं अनुवादावर एक दिवसाचं चर्चासत्र होतं. जेवणानंतरच्या सत्राचा वक्ता आयत्या वेळी गळाला. जेवणानंतरचं सत्र म्हणजे काय, हे जाणकारांना सांगायला नको. श्रोते तिथं पचनासाठी बसतात. लोहेकरांचा फोन आला. मी म्हणालो, "एक नमुना पाठवतो. झोप येणार नाही एवढी हमी." लोहेकरांना अप्पांचे सगळे किस्से मीच पुरवलेले होते. ते हसून हसून बेजार झाले. म्हणाले, "आणाच."

अप्पांना मी फाटकाशी गाठून आमंत्रण दिलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्या फाटकाशी गेलो होतो. त्यांनी खिशातलं एक पेन काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, "किती येळ बोलायचं सर?"

"चाळीस मिनिटं."

"चौसष्टांतला एकच घेतो मग. चाळीस मिन्टांत एकच हुईल."

आम्ही एसटीनं निघालो. अप्पांनी कोट घातला होता. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, हा माणूस खिडकीतून बाहेर पाहत ओठ हलवत होता. मला आतून उकळ्या फुटत होत्या.

नांदेडला पोचलो तर सभागृहाच्या पहिल्या रांगेत, मधल्या सोफ्यावर, नवं धोतर, पांढरी टोपी आणि गळ्यात झेंडूचा हार अशा थाटात बस्वराजअण्णा बसलेले. ते जळकोटला सोयऱ्यांकडं गेले होते, भावाचं भाषण आहे म्हणून तिथून जीप करून परस्पर आले. टोपी आणि रुबाब पाहून संयोजकांना वाटलं, संस्थेचे कुणी विश्वस्त असणार. त्यांनी हार घालून टाकला. अण्णांनीही घालून घेतला. भावाच्या कार्यक्रमात आपला मान असायचाच, असा त्यांचा समज.

चेष्टा करायची तर ती बाहेरच्या माणसाची करावी. त्याच्या सख्ख्या भावाला हार घालून समोर बसवून करू नये.

अप्पा उभे राहिले आणि एका शब्दावर बोलू लागले. प्र्यूगलश्पील. जर्मनांचं एक घर, इंग्रजांची दोन. पहिल्या पाच मिनिटांत मागं खुसखुस सुरू झाली. अप्पांनी हमालांची गोष्ट सांगितली तेव्हा सगळे मोकळे हसले. नंतर ते कशालाही हसू लागले. 'हाय'ला, 'न्हाई'ला, उच्चारांना. लोहेकर व्यासपीठावरून माझ्याकडं पाहून डोळे मिचकावत होते. मी खाली माझ्या बुटांकडं पाहत होतो. अप्पा बोलत राहिले. आवाज जरासुद्धा चढला नाही की पडला नाही.

शेवटी प्रश्नोत्तरं. लोहेकरांनी माईक घेतला. "फार रंजक झालं. पण मला सांगा, या सगळ्याचा उपयोग काय? हा शब्द बरोबर लागला नाही, तर कुणाचं काय अडणार आहे?"

टाळ्या पडल्या. अप्पा उत्तर द्यायला तयार झाले आणि तसेच थांबले. ज्या माणसानं माझ्या दारात तीन महिने शब्दांचा पाऊस पाडला, त्याला तिथं एक शब्द मिळेना. त्यांनी कोटाचं बटण धरलं.

तेव्हा पहिल्या रांगेतून अण्णा उठले. माईक कुणी दिला नाही, त्यांना लागलाही नाही. आडतीवर बोली पुकारलेला गळा.

"मी आडतदार हाय. मला ह्यातलं काय कळत न्हाई, आन् मी ह्याला कवा इचारलंबी न्हाई. पण आमच्याकडं तूर आली तर आम्ही लाल येगळी लावतो, पांढरी येगळी लावतो. हरभऱ्यात तुरीचा दाणा ऱ्हाऊ दित न्हाई. समदं एका ढिगात टाकलं तर गिऱ्हाईक येतं, बघतं आन् निघून जातं. त्याला पायजे ती तिथंच असती, पर त्याला घावत न्हाई. ह्यो माझा भाऊ ढिगातलं निवडून राहिलाय. ह्यात हसण्यासारखं काय हाय?"

लोहेकरांनी आभार मानायला माणूस पुढं ढकलला. अण्णा खाली बसले नाहीत. गळ्यातला हार काढला, व्यासपीठाच्या कडेला येऊन भावाच्या हातात दिला आणि, "सौदे थांबल्यात," एवढं बोलून जीपकडं निघून गेले.

परतीच्या एसटीत अप्पांच्या मांडीवर तो हार होता. अहमदपूर जवळ आल्यावर मी म्हणालो, "छान झालं हं अप्पा. लोक मनापासून हसत होते."

"सर," अप्पा म्हणाले, "हसणं निराळं आन् हसं निराळं. मराठीत त्याला दोन शब्द हायत. मला फरक कळतो."

मी खिडकीची काच वर-खाली करू लागलो. ती अडकलेली होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्ही फाटकाशी आलात तवाच. तुम्ही कवा येत न्हाई." त्यांनी हारातली एक सुटलेली पाकळी पुन्हा आत खोवली. "पण चाळीस मिन्टं बसले ना लोक. मला पाच मिन्टाच्या वर कुणी ऐकत न्हाई. म्हटलं, जाऊ."

अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी मला चहा आणून दिला. मी तो प्यालो. नको म्हणण्याचंही धैर्य लागतं.

पुढच्या रविवारी त्यांनी मला हाक मारली. यादी पुरी झाली होती, पाठवायची होती, पण एक अडचण होती. "जरा वर येता का?" पाच वर्षांत मी तो जिना चढलो नव्हतो. वर एकच खोली. टेबल, कॉम्प्युटर, भिंतीला लावून शब्दकोश, आणि टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. एक झिजून पांढरी पडलेली. दुसरीवरचं दुकानातलं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

पडद्यावर यादी होती. चौसष्ट ओळी. तळाशी दोन नावं होती. अनुवादक म्हणून त्यांचं. दुसरा वाचक म्हणून माझं. माझं संपूर्ण नाव, आडनावासकट, एम.ए.सकट.

"हे काय?"

"एजन्सीचा नेम हाय सर. एकट्याचं काम ते घेत न्हाईत. दुसऱ्या कुणी वाचलं पायजे. दर कामाला लागतं."

"दर कामाला कुणाचं लिहिता?"

"तुमचंच." त्यांनी मान खाली घातली. "पाच वर्षं झाली. इचारायला पायजे होतं. पण मी तुम्हाला इचारत होतो ना सर, फाटकाशी. एक-एक शब्द का होईना. अगदी खोटं न्हाई त्यात. माझ्याकडं दुसरं कुणी न्हाई."

"मग आता काय अडचण आहे?"

"आता एजन्सी म्हणती, दुसऱ्या वाचकानं खरंच वाचलंय असं लिहून द्या. मला तसलं खोटं लिहिता येत न्हाई. तुम्ही म्हणाल तर नाव काढतो. यादी जाणार न्हाई, एवढंच."

मला पाण्याच्या सकाळी आठवल्या, आणि मी लावून घेतलेलं दार. मी हजार गोष्टी बोलू शकलो असतो. सव्वीस वर्षं मी बोलण्याचाच पगार घेतोय. माझ्या तोंडून एकच वाक्य निघालं.

"चष्मा घरी राहिलाय. आणतो."

मी चष्मा घेऊन परत वर आलो तोवर अप्पांनी पंखा लावला होता, टेबल पुसलं होतं, आणि यादीचे छापील कागद माझ्या बाजूला सरळ करून ठेवले होते. ते स्वतः भिंतीला टेकून उभे होते. निकालाला विद्यार्थी उभा असतो तसे.

मी त्या दुसऱ्या खुर्चीत बसलो. प्लास्टिक करकरलं.

"काढू का ते?" अप्पा पटकन पुढं आले.

"काढा," मी म्हणालो, आणि पहिली ओळ वाचायला घेतली.